चार नंबरची गाडी

३ जानेवारी, शुक्रवार

ही वही घेऊन आठ महिने झाले. लग्नाच्या आठवड्यातच घेतली होती, नव्या घरातलं सगळं लिहून ठेवायचं म्हणून. मग लिहिण्यासारखं काही घडेना. घडत होतं, पण ते त्या दोघांच्यात. मी आपली कप हातात घेऊन दारात.

दोघं म्हणजे हे आणि यांची मुलगी. हे तिला खारू म्हणतात, लहानपणी प्रत्येक गोष्ट दोन्ही हातांत धरून खारीसारखी खायची म्हणून. आता सतराची आहे. शाळेच्या शेवटच्या वर्गात, म्हणजे माझ्याच वर्गात. तिथे मला मॅडम म्हणते. घरी काहीच म्हणत नाही. काही हवं असलं की समोर येऊन उभी राहते आणि मी बघेपर्यंत थांबते. तिची आई जाऊन सहा वर्षं झाली. मी त्रेचाळिसाव्या वर्षी या घरात आले. कुठला कप कुठल्या खुंटीला, हे अजून चुकतं.

वही उघडायचं कारण असं की आज जेवताना तिच्या पुढच्या शिक्षणाचं निघालं. इथल्या विज्ञान महाविद्यालयात पदार्थविज्ञानाला वीस जागा. लेखी परीक्षेची तिला भीती नाही. पण प्रात्यक्षिकात तीसपैकी सव्वीस हवेत, त्याखाली अर्जच घेत नाहीत. मिळाले तर घरी राहून शिकेल, आणखी चार वर्षं. नाही मिळाले तर माझ्या नणंदबाईंच्या गावचं कॉलेज, सात तासांच्या अंतरावर.

हे म्हणाले, "सव्वीस म्हणजे काय, अठ्ठावीस आणेल! घरातच मास्तरीण आहे."

ती हसली नाही. मीच हसले.

आज संवेगाचा धडा सुरू केला. वस्तुमान गुणिले वेग. दोन वस्तू आदळल्या, तरी बाहेरून कुणी ढकललं किंवा अडवलं नाही तर दोघींचा मिळून संवेग तेवढाच राहतो. एकीचा जेवढा जातो, तेवढाच दुसरीला मिळतो. मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "म्हणजे मॅडम, कुणाचं तरी गेल्याशिवाय कुणाला काही मिळतच नाही." वर्ग हसला. मी त्याला खाली बसवलं. तसा मुलगा हुशार आहे.

चार वर्षं म्हणजे मी सत्तेचाळिसाची होईन.

९ जानेवारी, गुरुवार

आज टकरीचं प्रात्यक्षिक झालं. प्रयोग सोपा आहे. रुळावरून अर्ध्या किलोची गाडी ढकलायची. ती तसल्याच उभ्या गाडीवर आदळते, मधल्या मेणाच्या गोळ्यामुळे दोघी चिकटतात आणि जोडीनं पुढे जातात. आधीचा वेग आणि नंतरचा वेग टायमरवर दिसतो. गणितानं नंतरचा वेग बरोबर निम्मा यायला हवा. तो कधीच येत नाही, चाकं थोडा खातात. मग मुलं उत्तर आधी लिहितात आणि निरीक्षणं त्यावरून मागे मागे भरत जातात. सगळ्यांच्या वह्या कशा अगदी पाच टक्क्यांच्या आत. बावीस वर्षं मी हे बघते आणि बावीस वर्षं खाली सही करते. सगळीकडे असंच चालतं.

खारूच्या टेबलावर चार नंबरची गाडी होती. तिचं मागचं चाक अडकतं. त्या गाडीवर निम्मा वेग येणं शक्य नाही. तिच्या वहीत आला होता. साठ आणि तीस.

"हा तीस कुठून आला?"

"टायमरवर."

"परत दाखव."

तिनं गाडी ढकलली. चोवीस. पुन्हा ढकलायला लावली. तेवीस.

"मॅडम, सगळेच..."

"सगळ्यांचं मी विचारलं नाही. तुझं विचारतेय. खोटं लिहिलंस. हेच शिकवलंय का घरी?"

कुणीतरी फिसकन हसलं. तिचं घर कोणतं ते सगळ्यांना माहीत आहे. मी तिला पुढे बोलावून म्हणायला लावलं, "जे दिसेल तेच लिहीन." तीनदा म्हणायला लावलं, कारण पहिल्या दोन वेळा मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं नाही. तिसऱ्या वेळी आवाज फुटला.

कठोर वाटेल. पण माझ्या घरातली म्हणून तिला सोडलं असतं तर बाकीच्यांना काय वाटलं असतं? मुलांशी वागताना हात एकाच उंचीवर ठेवावा लागतो.

प्रयोगशाळेचे मामा गाड्या आवरताना म्हणाले, "बाई, या चाराला मी कपाटात टाकतो. परीक्षेत कुणाच्या वाट्याला आली तर पोरगं मेलंच म्हणायचं." आणि तिच्यावर लाल रंगाचा ठिपका दिला.

घरी तिनं यांना काही सांगितलं नाही. हे मला आवडलं नाही. सांगितलं असतं तर मला नीट समजावता आलं असतं.

१२ जानेवारी, रविवार

सकाळी स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज. यांचं ते पोट धरून हसणं, माझ्या वाट्याला अजून न आलेलं. मी गेले. थांबलं.

"काय झालं?"

"काही नाही गं, जुनंच आहे," हे म्हणाले आणि डोळे पुसले.

जुनं म्हणजे माझ्या आधीचं. मी म्हटलं, "सांगा तरी." खारूनं सांगायला सुरुवात केली, कुठल्यातरी गळक्या छत्रीचं होतं, पण सांगता सांगता तिला स्वतःलाच ते हसण्यासारखं वाटेना. अर्ध्यावर सोडून ती कप विसळायला लागली. बिचारी. तिनं प्रयत्न केला होता, ते मला दिसलं.

१७ जानेवारी, शुक्रवार

आज आवेग. जोरात येणारा चेंडू झेलताना हात मागे का घ्यायचे? चेंडू थांबवायचा तो थांबवायचाच असतो, त्याचा संवेग काढून घ्यायचाच असतो. पण वेळ जास्त दिला की बल कमी लागतं, हाताला झोंबत नाही. वर्गात चेंडू आणला होता, सगळ्यांनी झेलून पाहिला. छान रंगला तास.

संध्याकाळी यांच्याजवळ नणंदबाईंच्या गावच्या कॉलेजचा विषय काढला. अगदी सहज. तिथलं ग्रंथालय मोठं आहे म्हणे, एवढंच.

"तिला कशाला तिकडे?"

"मी कुठे म्हणतेय पाठवा? आपली माहिती असावी."

पुढच्या आठवड्यात वसतिगृहाचं बोलेन. त्यानंतर तिथल्या शिक्षकांचं.

२८ जानेवारी, मंगळवार

प्रात्यक्षिक परीक्षेसाठी परीक्षकांचा कागद भरायचा होता. त्यात एक प्रश्न आहे: आपल्या रक्ताच्या नात्यातलं कुणी या केंद्रावर परीक्षेला बसलं आहे काय?

मी पेन हातात धरून बराच वेळ बसले. मग 'नाही' लिहिलं. खरंच नाही. 'आहे' लिहिलं असतं तर त्या दिवशी दुसऱ्या शाळेतली बाई आली असती आणि मी घरी बसले असते.

यांना सांगितलं. हे नकाशे काढतात, घरातच त्यांचं टेबल आहे. पट्टीवरून मान न उचलता म्हणाले, "काय लिहिलंस?"

"नाही, असं."

"हं." मग थोड्या वेळानं, "बरोबरच आहे म्हणा." आणि आखलेली रेघ त्यांनी खोडून पुन्हा आखली.

६ फेब्रुवारी, गुरुवार

खारूला ताप. हे कामासाठी बाहेरगावी, म्हणून मी रजा घेतली. दुपारभर तिच्या उशाशी बसले होते. कपाळावर ओली घडी बदलत राहिले. तापात माणूस लहान होतं. तिनं विचारलं, "दोन गाड्यांच्या मध्ये दाबलेली स्प्रिंग ठेवली आणि सोडली, तर हलकी गाडी जास्त लांब का जाते? ढकललं तर दोघींना सारखंच ना?"

म्हटलं, "सारखंच. पण जड असते ती जागची फारशी हलत नाही. हलकी असते तिला तेवढाच धक्का फार होतो."

"म्हणजे तिची काही चूक नसते."

"चुकीचा प्रश्नच नाही गं. गणित आहे."

ती हसली आणि माझं बोट धरून झोपली. खरंच धरलं होतं. मी तासभर हात हलवला नाही, मुंग्या आल्या तरी. मनात आलं, राहिली चार वर्षं तर काय बिघडलं? इथेच राहील. मी तिला घेऊन बसेन. दोघी मिळून यांची थट्टा करू.

संध्याकाळी यांची चाहूल लागली आणि तिनं डोळेसुद्धा उघडले नाहीत, बोट सोडलं आणि हात दाराच्या दिशेनं लांब केला. "बाबा, पाणी." पाण्याचा ग्लास माझ्या हातात होता.

११ फेब्रुवारी, मंगळवार

परीक्षा झाली. क्रमानं लिहिते.

मामांची आई आजारी, ते दोन दिवस रजेवर. टेबलं मीच मांडली, सकाळी सात वाजता, एकटीनं. सहा टेबलं, बारा गाड्या. एक कमी पडली, म्हणून कपाटातली चार नंबरची काढावी लागली. ती सहाव्या टेबलावर ठेवली. टेबलं बैठक क्रमांकाप्रमाणे ठरतात, त्यात माझा हात नसतो. लाल ठिपका बरा दिसत नव्हता, तो ब्लेडनं खरवडला.

बाहेरचे परीक्षक वयस्क गृहस्थ, चेहऱ्यानं मायाळू. बारा वर्षं एकाच कोटात दिसतात. मुलं आली. खारू सहाव्या टेबलावर. मी ठरवून तिच्याकडे पाहिलं नाही. खिडकीशी उभी राहिले. पक्षपात नजरेतूनच सुरू होतो.

बाकीच्या पाचांच्या वह्या नेहमीसारख्या. साठ आणि एकोणतीस. अठ्ठावन्न आणि साडेअठ्ठावीस. तिची तेवढी वेगळी. साठ, चोवीस. एकसष्ट, चोवीस. एकोणसाठ, तेवीस. खाली स्वच्छ अक्षरात: वीस टक्के संवेग कमी भरतो.

परीक्षकांनी तिला विचारलं, "संवेग अक्षय्य राहतो ना?"

"राहतो."

"मग तुझा कुठे गेला? उंदरानं खाल्ला?"

"चाकानं, सर. हे चाक मोकळं फिरत नाही. बाहेरचं बल आहे."

ते माझ्याकडे वळले. "काय हो बाई, गाडीत दोष आहे का?"

"याच गाड्यांवर वर्षभर प्रयोग झालेत, सर," मी म्हटलं. यात काही खोटं नाही.

मुलं गेल्यावर गुण भरायला बसलो. तिच्या नावासमोर त्यांनी पेन्सिलीनं चोवीस गुण लिहिले होते. म्हणाले, "पोरगी बोलते मात्र छान. लपवलं नाही तिनं. दोन वाढवावेत असं वाटतं. वर्गात कशी आहे?"

मी म्हटलं, "हुशार आहे. जानेवारीत एकदा निरीक्षणं खोटी लिहिताना सापडली होती, तेवढंच."

"अरेरे." त्यांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे चाकाचंही तसलंच असणार. तोंड चालतं, हात चालत नाही." चोवीस खोडून एकोणीस केले.

मला विचारलं, म्हणून मी सांगितलं. माझ्या घरातली आहे म्हणून लपवलं असतं तर तोच अन्याय झाला असता. घरी येईपर्यंत डोकं दुखत होतं. यांनी विचारलं, "कसं झालं?" मी म्हटलं, "सगळं शांतपणे पार पडलं." खारू म्हणाली, "जे दिसलं ते लिहिलं." यांनी तिच्या पाठीवर थाप मारली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

मामा आले. आल्या आल्या म्हणाले, "बाई, चार बाहेर कशी?"

"एक कमी पडत होती."

"कमी कशी पडेल? दोन जादाच्या तेल घालून तुमच्याच टेबलाच्या खणात ठेवून गेलो होतो. वर चिठ्ठी चिकटवली होती, ही एवढी."

"मला दिसली नाही, मामा."

त्यांनी खण उघडला. दोन्ही गाड्या होत्या. चिठ्ठी नव्हती. मामा खणाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले, डिंकाचा खरखरीतपणा लागत होता वाटतं. मग केराच्या टोपलीकडे पाहिलं. ती रिकामी होती. मंगळवारी मीच बाहेर नेऊन रिकामी केली होती, कुणी नव्हतं म्हणून.

पंख्याच्या वाऱ्यानं चिठ्ठ्या उडतात. मी तसं म्हटलं.

"थंडीत कोण लावतं पंखा, बाई," मामा म्हणाले. रागानं नाही. आणि चार नंबरची गाडी उचलून घेऊन गेले.

१४ मे, बुधवार

निकाल. लेखीत ती शाळेत पहिली. प्रात्यक्षिक एकोणीस.

यांनी कागद उजेडात धरला, जणू मागून वेगळा आकडा दिसणार होता. "एकोणीस कसे?"

"निरीक्षणं चुकली, बाबा," खारू म्हणाली. माझ्याकडे बघितलं नाही.

"तू होतीस ना तिथे?" हे मला.

"होते, म्हणूनच तर काही करता आलं नाही."

"काही म्हणजे?"

मी आत जाऊन नणंदबाईंच्या गावच्या वसतिगृहाचा अर्ज आणला. वेळ घालवण्यात अर्थ नव्हता, तिथे जागा लवकर भरतात.

यांनी अर्ज उलटसुलट पाहिला. "हा कधी आणलास?"

"मागवून ठेवला होता. मार्चात."

"मार्चात." हे पुन्हा म्हणाले, "मार्चात," आणि खुर्चीत बसले. खारूनं त्यांच्या हातातून अर्ज घेतला, पेन शोधलं आणि उभ्याउभ्याच भरायला लागली. नावाचा रकाना तिनं एका दमात भरला. मुली मोठ्या होतात त्या अशा एकदम.

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. संध्याकाळी तिच्या खोलीत जाऊन पडदे मोजले. खोलीला उजेड फार छान आहे.

१४ जून, शनिवार

आज ती गेली.

सकाळी मी तिला बॅग भरायला मदत करत होते. स्वेटर घड्या घालून देत होते. तिथे थंडी असते. मला वाटलं, जाताना दोन चांगले शब्द बोलावेत. म्हटलं, "एकोणिसाचं मनाला लावून घेऊ नकोस. कधी कधी साधन दगा देतं."

ती स्वेटर दाबत होती. म्हणाली, "चार नंबरची होती. ठिपका खरवडलेला दिसत होता. आणि चाक फिरवून बघितलं मी."

"माहीत होतं तुला? मग बोलली का नाहीस? बदलून मागायची!"

"तुम्ही खिडकीशी उभ्या होतात. म्हटलं, तुम्ही वळाल. वळलात की सांगेन."

"साधनाबद्दलची तक्रार पहिल्या दहा मिनिटांत करायची असते. फळ्यावर लिहिलं होतं मी."

"हो, वाचलं होतं," ती म्हणाली. "दहाच मिनिटं थांबले. मग सुरू केलं."

खरं तर नियम तसाच आहे, आणि तो मी काही तिच्यासाठी केलेला नाही. तिनं बॅगेची चेन लावायला घेतली, लागेना. मी दोन्ही बाजूंनी दाबून धरली आणि तिनं लावली.

वळले तर दारात हे उभे. किती वेळ होते कुणास ठाऊक. मी म्हटलं, "झालंच आमचं." हे त्यांच्या कामाच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. आतून अर्धा तास पेचकसाचा आवाज येत होता. निघायच्या घाईत काय दुरुस्त करत बसलेत, असं मनात आलं.

बाहेर आले ते म्हणाले, "मी चार दिवस ताईकडे राहतो. खारूचं तिथे बस्तान बसलं की बघू."

गाडीत आधी तिच्या दोन बॅगा गेल्या. मग यांची मोठी बॅग. मग नकाशांची नळकांडी, पट्ट्यांची पेटी, आणि चादरीत गुंडाळलेला तो लांब मानेचा दिवा, जो टेबलाला स्क्रूनं बसवलेला असतो. चार दिवसांत एखादं काम आलं तर असावा जवळ, म्हणून घेतला असेल. ताईंकडे उजेड कमीच आहे.

"पोचलात की कळवा," मी म्हटलं.

"हो," खारू म्हणाली. हे गाडी वळवून घेत होते.

आत येऊन आवरलं. यांच्या टेबलावर दिव्याच्या जागी चार भोकं राहिली आहेत. पुट्टी भरून वरून रंग दिला तर कळणारसुद्धा नाही. सोमवारी सुताराला बोलावते.